लॅपटॉपचा कर्सर सैरभैर का होतो?

ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख आहे, सगळी माहिती भरून झाली आहे, आणि 'सबमिट'च्या बटणाकडे नेलेला बाण अचानक थरथरू लागतो, पडद्याच्या कोपऱ्याकडे पळतो किंवा काही न दाबताच भलतेच काहीतरी उघडून बसतो. लॅपटॉप वापरणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव कधी ना कधी घेतलेला असतो. अशा वेळी मनात येणाऱ्या शंकाही साधारण ठरलेल्या असतात. व्हायरस शिरला असेल, लॅपटॉप म्हातारा झाला असेल, आणि सायबर फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्याला तर सर्वांत आधी वाटते की कोणीतरी दुरून आपला संगणक ताब्यात घेतला असेल. ही शेवटची शंका अगदीच निराधार नाही आणि तिच्याकडे आपण येणारच आहोत. परंतु घरोघरी आढळणारी कारणे बहुधा याहून साधी असतात, आणि त्यांतले एक महत्त्वाचे कारण लॅपटॉपमध्ये नसून भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असते.

बाण हलवते कोण?

पडद्यावरचा बाण स्वतः काहीच करत नाही. टचपॅडखालची यंत्रणा बोटाची जागा मोजते, ते आकडे ड्रायव्हरकडे जातात, आणि ड्रायव्हर ते विंडोजसारख्या मूळ प्रणालीला समजावून सांगतो. ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि प्रणाली यांच्यामधला दुभाष्या. मूळ प्रणाली मग त्या आकड्यांप्रमाणे बाण सरकवते. मोजमाप चुकले, दुभाष्या चुकला किंवा प्रणालीच दुसऱ्या कामात गुंतून पडली, तरी आपल्याला दिसते ते एकच: बाण बिथरला.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बाण एक असला तरी त्याला हलवू शकणारी उपकरणे अनेक असतात. टचपॅड, बाहेरून जोडलेला माऊस, काही लॅपटॉपचा स्पर्शाने चालणारा पडदा, काहींच्या कीबोर्डच्या मध्यभागी असणारी लाल घुंडी, हे सगळे एकाच बाणाला हुकूम सोडत असतात. एकाच बैलगाडीचा कासरा चार जणांच्या हातात असावा, तसा हा प्रकार आहे. वायरलेस माऊसचे संदेश पकडणारे नखाएवढे डोंगल लॅपटॉपला तसेच लावलेले असते, माऊस मात्र चालू अवस्थेत दप्तरात पडलेला असतो, आणि कोणी दप्तराला धक्का दिला की इकडे बाण धावतो. या एका कारणाने घाबरून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून दोष शोधताना पहिले काम हे, की बाहेरून जोडलेले सगळे काढून ठेवावे आणि फक्त टचपॅड उरला असताना बाण कसा वागतो ते पाहावे.

टचपॅडला बोट कळते कसे?

टचपॅड दाब मोजत असेल असा समज असतो. प्रत्यक्षात त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली उभ्या आणि आडव्या अतिशय बारीक वाहक पट्ट्यांची जाळी असते आणि प्रत्येक पट्टीवर थोडा विद्युतभार साठवलेला असतो. किती भार साठवता येईल या क्षमतेला विद्युत धारणा म्हणतात. आपले शरीर पाणी आणि क्षार यांनी भरलेले असल्यामुळे विजेचे बऱ्यापैकी वाहक आहे. बोट पृष्ठभागाजवळ आले की त्या ठिकाणच्या पट्ट्यांची विद्युत धारणा किंचित बदलते. हा बदल कोणत्या उभ्या आणि कोणत्या आडव्या पट्टीवर झाला हे पाहून आतली चिप बोटाची जागा ठरवते, आणि हे मोजमाप ती सेकंदातून कित्येक वेळा करते. पेनाच्या प्लास्टिकच्या टोकाने टचपॅड चालत नाही आणि लोकरी हातमोजे घातल्यावर तो ढिम्म राहतो, याचे कारण हेच.

मोजायचा बदल मात्र फारच सूक्ष्म असतो. त्यामुळे पावसाळ्यात ओलसर हातांनी काम करताना, हाताला खोबरेल तेल किंवा क्रीम लावलेले असताना, किंवा चहाचा एखादा थेंब पृष्ठभागावर सुकून त्याचा पुट चढला असताना टचपॅडचा अंदाज चुकतो. पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच भासतो. लॅपटॉप बंद करून किंचित ओलसर, मऊ कापडाने टचपॅड पुसावा आणि कोरडा करावा; हा उपाय इतका साधा आहे की अनेकांना तो सांगितलेला आवडत नाही, तरी आधी तोच करावा.

चार्जर लावला की थरथर

मोबाइल चार्जिंगला लावला असताना त्याचा पडदा वेडावाकडा चालतो, आणि चार्जर काढला की शहाण्यासारखा वागू लागतो, हे अनेकांनी पाहिले असेल. लॅपटॉपच्या टचपॅडचेही अगदी असेच होते, कारण दोन्हींची मोजण्याची रीत एकच आहे.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी असते. तिचे लॅपटॉपला लागणाऱ्या १९ किंवा २० व्होल्टच्या स्थिर विजेत रूपांतर करताना चार्जर तिला सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. या तोडजोडीतून विजेचा एक प्रकारचा गोंगाट तयार होतो. तो निचरून जावा म्हणून चार्जरच्या घरच्या विजेकडील आणि लॅपटॉपकडील बाजूंना सांधणारे एक छोटे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, आत बसवलेले असते. घरातले अर्थिंग व्यवस्थित असेल आणि चार्जर तीन पिनांचा असेल, तर हा गोंगाट तिसऱ्या पिनेतून जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल, तर त्याला वाट उरत नाही आणि लॅपटॉपच्या सगळ्या अंगाचा विद्युतदाब जमिनीच्या मानाने वरखाली डोलत राहतो. सोनाराने धावत्या एसटीत बसून गुंजभर सोने तोलायला घ्यावे, तशी मग टचपॅडची अवस्था होते. काट्यात दोष नसतो. काटा ज्यावर ठेवला आहे तेच हलत असते.

याची एक खूण हाताला कळते. धातूच्या कवचाच्या लॅपटॉपवरून, तो चार्जिंगला लावलेला असताना, बोटांची मागची बाजू अगदी हलकेच फिरवली तर गुळगुळीत पृष्ठभाग खरखरीत, जणू बारीक मखमल लावल्यासारखा लागतो. चार्जर काढला की ती खरखर क्षणात नाहीशी होते. काहींना सौम्य झिणझिण्याही जाणवतात. अशा वेळी कवचावर शंभराच्या आसपास व्होल्ट दिसू शकतात. धड असलेल्या चार्जरमधून येणारा प्रवाह एक मिलिअँपिअरहूनही कमी असल्यामुळे त्याने सहसा इजा होत नाही. मात्र झिणझिण्यांऐवजी खरोखरचा झटका बसला, तर तो चार्जर पुन्हा लावू नये.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचा बाण घरी जेवणाच्या टेबलावर थरथरायचा आणि कचेरीत अगदी सरळ चालायचा. दुरुस्तीच्या एका दुकानात टचपॅड बदलण्याचा सल्ला मिळाला. तो अमलात आणण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनने टेबलाजवळचा एक्स्टेन्शन बोर्ड उघडला. बोर्डाला भोके तीन होती, तिसऱ्या भोकामागे पितळी पट्टीही होती, पण त्या पट्टीला वायरच जोडलेली नव्हती; भिंतीपासून बोर्डापर्यंत आलेल्या केबलमध्ये मुळात दोनच तारा होत्या. तीन तारांची केबल लावल्यावर थरथर थांबली.

जुन्या इमारतींत आणि स्वस्त बोर्डांत तिसरे भोक नुसते शोभेचे असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवणारे जे छोटे कन्व्हर्टर मिळतात, तेही अर्थिंग तोडूनच काम करतात. आपल्याकडच्या प्लगची वरची जाड पिन लांब असते ती याचसाठी, की प्लग लावताना जमिनीशी जोडणी सर्वांत आधी व्हावी आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावी. इतकी काळजी घेऊन केलेली रचना दहावीस रुपयांच्या कन्व्हर्टरने निकामी होते.

एक धोक्याची सूचना येथे दिलीच पाहिजे. अर्थिंग नसलेल्या घरात काही जण सॉकेटच्या आतच तिसरे भोक न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरला, जोडून देतात आणि टेस्टरवर सगळे ठीक दाखवतात. पुढे कधी न्यूट्रलची वायर तुटली, तर त्या सॉकेटला लावलेल्या फ्रिजच्या, गीझरच्या किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर पुरे २३० व्होल्ट येऊ शकतात. बाणाची थरथर घालवण्यासाठी हा मार्ग कधीही पत्करू नये. अर्थिंगची तपासणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

'पण माझा चार्जर तर दोन पिनांचाच आला आहे'

हा आक्षेप रास्त आहे. दोन पिनांचे चार्जर सदोष नसतात. त्यांना दुहेरी आवरण असते आणि त्याची खूण म्हणून चार्जरच्या अंगावर एका चौकोनात दुसरा चौकोन छापलेला असतो. चांगला उत्पादक अशा चार्जरमध्ये गोंगाट आतल्या आतच दाबण्याची व्यवस्था करतो. मूळ चार्जर हरवल्यावर रस्त्यावरून घेतलेल्या नकली चार्जरमध्ये नेमके हेच भाग गाळलेले असतात, कारण त्यांच्याशिवायही लॅपटॉप चार्ज होतो आणि ग्राहकाला फरक दिसत नाही. तो फरक मग बाण दाखवतो.

इन्व्हर्टरवर वीज असतानाच बाण बिथरत असेल, तर इन्व्हर्टरचा प्रकार पाहावा. घरची वीज लाटेसारखी सावकाश चढते आणि उतरते. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज पायऱ्यांसारखी एकदम उडी मारते, आणि त्या प्रत्येक उडीबरोबर गोंगाट वाढतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास बराच कमी असतो. तोवर भारनियमनाच्या वेळी लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

टाइप करताना अक्षरे दुसऱ्याच ओळीत

कर्सर हा शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो: एक फिरणारा बाण, दुसरी लिहिताना लुकलुकणारी उभी रेघ. पत्र लिहिताना मध्येच रेघ उडी मारून चार ओळी वर जाते आणि पुढची अक्षरे तिथे उमटतात, ही तक्रार असेल तर कारण जवळजवळ नेहमी आपला अंगठा किंवा तळहाताची कड असते. ती नकळत टचपॅडला टेकते, टचपॅड त्याला टिचकी समजतो, आणि बाण जिथे असेल तिथे रेघ जाऊन बसते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ब्लूटूथ अँड डिव्हायसेस या विभागात टचपॅडची संवेदनशीलता कमी करता येते, आणि माऊस जोडलेला असताना टचपॅड आपोआप बंद राहावा अशी सोयही तिथेच आहे. बहुतेकांचे काम एवढ्यात भागते.

टचपॅड वर आल्यासारखा वाटतो का?

या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर बाकीचे सगळे उपाय बाजूला ठेवावेत. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या अगदी खाली किंवा शेजारी असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा तिच्यात दोष निर्माण झाला, की आतल्या रसायनांचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि तिचे चपटे पाकीट पुरीसारखे फुगते. फुगलेली बॅटरी टचपॅडला खालून रेटते. मग क्लिक घट्ट होते किंवा होतच नाही, बाण स्वतःहून सरकतो, आणि न दाबताही दाबल्याची नोंद होते. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवला असता डुगडुगतो का, बंद केल्यावर झाकणाच्या कडेला फट राहते का आणि टचपॅडची एक बाजू कवचाच्या पातळीहून वर आली आहे का, हे डोळ्यांनी पाहता येते.

असे आढळले तर लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि पुन्हा लावू नये. फुगवटा दाबून बसवण्याचा किंवा टोचून वायू काढण्याचा प्रयत्न म्हणजे आगीला आमंत्रण आहे. लॅपटॉप सेवा केंद्रात नेऊन बॅटरी बदलून घ्यावी आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. टचपॅड बदलून घेतला पण त्रास गेला नाही, अशा तक्रारींमागे काही वेळा ही न पाहिलेली बॅटरी असते.

दोष माऊसमध्ये असेल तर

सायबर कॅफेच्या काळातले गोळीचे माऊस ज्यांनी वापरले आहेत, त्यांना गोळी काढून आतल्या रुळांवर साचलेला काळा मळ नखाने खरवडल्याचे आठवत असेल. आजच्या माऊसमध्ये गोळी नसते. त्याच्या पोटात एक छोटा दिवा आणि एक छोटा कॅमेरा असतो. कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो आणि आधीच्या चित्रातील बारीक खुणा पुढच्या चित्रात किती सरकल्या यावरून माऊस किती हलला ते ठरवतो. रेल्वेच्या खिडकीतून मागे जाणारे खांब पाहून आपण गाडीचा वेग ओळखतो, तसेच हे आहे. काचेच्या टेबलावर किंवा चकचकीत सनमायकावर कॅमेऱ्याला खुणाच मिळत नाहीत. मिट्ट काळोखात गाडी चालते आहे की थांबली आहे हे कळू नये, तशी त्याची गत होते. खाली साधा कागद किंवा वर्तमानपत्राची घडी ठेवून पाहावी. माऊसच्या पोटातल्या भोकात अडकलेला एखादा केसही बाणाला थरथरवायला पुरेसा असतो.

वायरलेस माऊस अडखळत चालत असेल, तर आधी सेल बदलावा आणि मग डोंगल कुठे लावले आहे ते पाहावे. हे माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. यूएसबी ३ च्या जोडणीतून वेगाने माहिती जात असताना त्याच पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच एका तांत्रिक निबंधात दाखवून दिले होते. त्यामुळे शेजारच्याच खाचेत बाहेरची हार्ड डिस्क लावून मोठी फाइल उतरवताना माऊस अडखळू लागला, तर माऊसला दोष देऊ नये. डोंगल दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावावे किंवा छोट्या यूएसबी वायरने थोडे दूर आणावे.

लाल घुंडीचा बाण हात न लावता एका दिशेला संथपणे वाहत जातो, तेव्हा तिचा शून्य चुकलेला असतो, वाण्याच्या रिकाम्या काट्याने दोन ग्रॅम दाखवावेत तसा. हात पूर्ण काढून काही सेकंद थांबले की ती आपला शून्य स्वतःच दुरुस्त करते. बाण वाहताना तिला उलट दिशेने रेटत राहिले, तर हे कधीच होत नाही.

'त्यापेक्षा फॉरमॅट मारून मोकळे व्हावे का?'

आपल्याकडे संगणकाच्या प्रत्येक आजारावर हा रामबाण सुचवला जातो. फॉरमॅटने, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने बसवल्याने, दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर नवा मिळतो, पण बोर्डातली तुटलेली वायर किंवा फुगलेली बॅटरी बदलत नाही. म्हणून दोष यंत्राचा आहे की प्रणालीचा, हे आधी ठरवावे. लॅपटॉप सुरू होताना बायोस उघडता येतो. बायोस म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी चालणारी यंत्राची स्वतःची छोटी प्रणाली. अनेक नव्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये बाण दिसतो आणि टचपॅडने हलतो. तिथेही तो थरथरत असेल, तर विंडोजचा काही संबंध नाही आणि फॉरमॅट व्यर्थ आहे. तिथे तो शांत असेल आणि विंडोजमध्येच बिथरत असेल, तर ड्रायव्हरकडे वळावे. त्रास एखाद्या अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर नेता येतो. नाहीतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. 'ड्रायव्हर दुरुस्त करून देतो' अशी जाहिरात करणाऱ्या फुकट प्रोग्रामच्या वाटेला जाऊ नये.

बाण थरथरत नाही, पण थांबतथांबत, धक्के खात चालतो, हा वेगळा प्रकार आहे. तेव्हा प्रोसेसर किंवा डिस्क दुसऱ्याच कामात बुडालेली असते, आणि टास्क मॅनेजर उघडला की ते काम कोणते हे दिसते.

कोणी दुसरेच तर हलवत नाही ना?

आता सुरुवातीच्या भीतीकडे. दुरून संगणक चालवण्याचे प्रोग्राम खरे आहेत आणि कचेऱ्यांमध्ये दुरुस्तीसाठी ते रोज वापरले जातात. फसवणूक करणारे बँकेचे किंवा मदतकेंद्राचे कर्मचारी असल्याची बतावणी करून असाच एखादा प्रोग्राम आपल्याकडूनच बसवून घेतात आणि जोडणीचा आकडा विचारून घेतात. त्यामुळे बिघाड आणि घुसखोरी यांतला फरक ओळखता आला पाहिजे. बिघडलेल्या बाणाला हेतू नसतो. तो थरथरतो, वाहत जातो, उड्या मारतो, कुठेही टिचक्या मारतो. माणूस हलवत असलेला बाण कामाचा माग धरून चालतो. तो ब्राउझर उघडतो, बँकेच्या पानावर जातो, फायलींचे कप्पे चाळतो, आणि बहुधा त्याच्या जोडीला अक्षरेही आपोआप टाइप होतात.

असे काही दिसले तर विचार करत बसू नये. वाय-फाय बंद करावे आणि नेटची वायर असल्यास उपसून काढावी, म्हणजे दुरून चालवणाऱ्याचा हात तिथल्या तिथे तुटतो. त्यानंतर दुसऱ्या उपकरणावरून बँकेला कळवावे, पासवर्ड बदलावेत, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. नेट तोडल्यानंतरही बाण पूर्वीसारखाच थरथरत राहिला, तर त्याला हलवणारा घरातच आहे; आता चार्जरचा प्लग काढून पाहावा.